दोघींनी उचलायची पेटी

९ जानेवारी

आज पुन्हा मंडपवाल्याने दगा दिला. वस्तीवर सत्यनारायण होता. आमचं भजन चार वाजता, आणि त्याची माणसं स्पीकर घेऊन आली साडेपाचला. चार गड्यांनी दोन काळ्या पेट्या टेम्पोतून उतरवल्या, जोडाजोडी केली, आणि तेवढ्यात लाईट गेली. मग मी आपली नेहमीसारखी उघड्या गळ्याने गायले. आवाज पार विहिरीपर्यंत ऐकू आला, असं त्या घरची सून म्हणाली. दिंद्रुडमध्ये माझ्या गळ्याला माईक लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण घरी येताना मनात आलं, आपल्या भजनी मंडळाची स्वतःची स्पीकरची पेटी का असू नये? बॅटरीवर चालणारी, हलकी, दोन बायकांनी दोन बाजूंनी धरून उचलावी अशी. गड्यांची वाट बघायला नको आणि लाईटचीही नको. ताराला सांगितलं. तारा आणि मी एकाच मांडवात लग्न होऊन या गावात आलो, त्याला चोवीस वर्षं झाली. मंडळात मी गाते, ती ढोलकी वाजवते. ती म्हणाली, "शीले, तुझं डोस्कं लई चालतं बघ."

ही कल्पना माझी आहे. तारीख घालून लिहून ठेवते, कारण लोक पुढे विसरतात.

१५ जानेवारी

हळदीकुंकवाला मंडळातल्या अकराही जणी आल्या होत्या. मी पेटीचं काढलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, बचत गटातून पैसे काढायचं ठरलं. मंडपवाल्याला विचारून चांगलासा स्पीकर आणू, असं मी म्हणत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून बबिता बोलली.

ही बबिता दीड वर्षापूर्वी गावात आली. नवरा पुण्याला कंपनीत, सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून हिला इथं ठेवलंय. माहेर सिरसाळ्याचं. मंडळात मागे बसून टाळ वाजवते, कधी तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, तयार पेटी नको. नुसता स्पीकर घेऊ, पेटी आपण करू. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, मी त्यांच्या हाताखाली दहा वर्सं होते. नुसत्या स्पीकरला ड्रायव्हर म्हणत्यात. सगळं त्याच्यावर हाय. तो चुकला की पेटी सोन्याची केली तरी उपेग न्हाई."

ड्रायव्हर म्हटल्यावर मला एसटी चालवणाराच आठवला. मी तसं म्हटलं आणि सगळ्या हसल्या. पण नंतर तारा तिच्याजवळ सरकून बसली आणि दोघी किती तरी वेळ बोलत होत्या. माझ्या घरात, माझ्या हळदीकुंकवात.

२१ जानेवारी

तारा आणि बबिता बीडला जाऊन स्पीकर घेऊन आल्या. दोघीच. माझ्याकडे नणंद आली होती, म्हणून मला विचारलं नाही म्हणे. नणंदेला मी एक दिवस सोडून गेले असते. विचारायला काय झालं होतं?

दुकानदाराने तीन प्रकार दिलेत, नापसंत ते परत करायचे. तारा सांगायला आली. एसटीत बबिताने तिला काय काय समजावलं ते सगळं सांगितलं. मी मोजत होते. बबिताचं नाव सतरा वेळा घेतलं. चहा पिताना "बबी" म्हणाली. मला "शीले" म्हणायला तिला दोन वर्षं लागली होती.

२४ जानेवारी

आज शाळेच्या मैदानावर स्पीकर वाजवून बघितले. सविस्तर लिहिते, म्हणजे कोण बरोबर होतं हे कळेल.

पहिला स्पीकर बारा इंची. पाठीमागे चुंबक भाकरीच्या तव्याएवढं. मी उचलून बघितला, एकट्याचंच वजन साडेपाच किलो. तीनशे वॅट लिहिलेलं. याला म्हणतात स्पीकर! दुसरा सहा इंची, मोटारीत बसवतात तो, स्वस्त. तिसरा आठ इंची, त्याला बघून मला हसूच आलं. चुंबक एवढंसं, पेढ्याच्या डब्याएवढं. बबिता म्हणाली, ते वेगळ्या जातीचं चुंबक आहे, लहान पण जोरकस. वजन दीड किलो.

मी म्हटलं, "तीनशे वॅट सोडून हे खेळणं कशाला घ्यायचं?"

ती म्हणाली, "ताई, वॅट म्हंजे किती खाऊ शकतो ते. किती काम करतो ते न्हवं. एक बैल दोन पेंढ्या खाऊन जेवढं नांगरतो, तेवढंच दुसरा एका पेंढीत नांगरत असला, तर आपण कोणता घ्यावा? आपल्याकडं बॅटरी हाय, म्हंजे वैरण थोडी हाय. ह्या कागदावर बघा. एका वॅटमधी बारावाल्याचा आवाज ब्याण्णव, आठवाल्याचा पंच्याण्णव. तीनचा फरक म्हंजे निम्मी बॅटरी. मोटारीतला तर सत्त्याऐंशी, तो बॅटरी पिऊन टाकील."

बायका आ वासून ऐकत होत्या. मला बैलाचा दाखला तिने आधीच पाठ करून ठेवल्यासारखा वाटला.

मग तिने पेट्यांच्या फळ्या बांधून एकेक स्पीकर त्यात बसवला आणि ताराला मैदानाच्या त्या टोकाला पाठमोरं उभं केलं. ऐकू येईल ते तिने मोठ्याने परत म्हणायचं. आधी मी गायले. बारा इंचीवर काय दणका निघाला! छातीत धमधम झालं. ताराने शब्द न् शब्द परत सांगितला.

मग बबिताने माईक जानकीमावशीपुढे धरला. जानकीमावशी सत्तरीच्या, मंडळात माझ्या डाव्या हाताला बसतात. आवाज म्हणजे पाखराचा. सकाळी शेळ्या सोडताना ओव्या म्हणतात, तेवढंच. बारा इंचीवर त्यांनी ओवी म्हटली आणि तारा त्या टोकावरून ओरडली, "नुसतं हूं हूं येतंय गं!" मोटारीच्या स्पीकरवर शब्द आले, पण चिरके. मग आठ इंची लावला. मावशींनी तीच ओवी म्हटली आणि तारा तिकडून सावकाश एकेक शब्द परत म्हणाली:

शेजीच्या बोलण्यानं, माझा बोल गं झाकला
उसाच्या सावलीत, माझा हरभरा वाकला

मावशी स्वतःच चकित झाल्या. "माझा आवाज तिथवर गेला व्हय?" म्हणून तीनदा विचारलं. वीस वर्षं त्या माझ्या शेजारी बसतात, पण ही ओवी मी पहिल्यांदाच ऐकली. म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या, कुणाला उद्देशून असतात देव जाणे. शेजारच्या भाऊबंदांनी त्यांची विहीर लाटली होती, त्याबद्दल असेल.

माझं मत बारा इंचीलाच आहे. भजनाला भारदस्तपणा पाहिजे.

२५ जानेवारी

हात वर करून मत घेतलं. आठ इंचीचे दोन घ्यायचे ठरले. बारा इंचीला माझा एकटीचा हात. ताराने वर करताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "कुणाला तरी बरं वाटावं म्हणून स्पीकर निवडायचा असतो का?"

बबिता म्हणाली, "तुमचा आवाज कशावर बी चांगलाच येतो ताई. म्हणून तुमच्यावर पारख करता येत न्हाई."

ही स्तुती होती का काय होतं? घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "खरंच तर बोलली." नवऱ्याला काही विचारू नये.

३ फेब्रुवारी

पेटी तयार होत आली. बबिताच्या ओसरीवर रोज दुपारी बायका जमतात. मी दोनच वेळा गेले. हलक्या प्लायवूडची पेटी, दोन्ही बाजूंना मुठी, पाठीमागची फळी चार स्क्रूंवर. बॅटरी धरून सगळं दहा किलो. आत तिची सासू खोकते आणि बाहेर ही एका हाताने तारांना सोल्डर मारते, दुसऱ्या हाताने काढ्याचं पातेलं ढवळते. सगळ्यांना कौतुक. मला विचाराल तर दिखावा.

आज तिने लाल-काळ्या तारेचं शिकवलं. एक छोटी बॅटरी घेऊन तारांची टोकं स्पीकरला लावली की मधला कागदी पडदा टपकन बाहेर येतो. तारा उलट्या लावल्या की आत जातो. "दोन्ही पडदे एकदम बाहेर अन् एकदम आत गेले पायजेत," ती म्हणाली. "एक बाहेर अन् एक आत असं झालं, की ते एकमेकाचा आवाज खात्यात. दोन स्पीकर असून एकाएवढा बी ऐकू येत न्हाई, पोकळ येतो. अन् बघणाऱ्याला तर दोन्ही चालू दिसत्यात."

ताराने मला कोपराने ढोसलं, "किती शिकलेली हाय गं!" बारावी तर मीही झालेय.

निघताना बबिता म्हणाली, "ताई, उद्या रथसप्तमी, इथंच जेवायला या. पुरण घालणार हाय." मी नाही म्हटलं. मला काय जेवायला घालून वळवणार?

९ फेब्रुवारी

पहिला कार्यक्रम, गावातच, एका बारशाला. पेटी तारा आणि बबिताने उचलून नेली, दोन बाजूंनी दोघी, हसत हसत, भर चौकातून. मी मागून टाळांची पिशवी घेऊन.

बसायच्या वेळी बबिता माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमी माईकपासून जरा हातभर लांब बसा. तुमचा आवाज मोठा हाय, बाकीच्यांचा झाकतो." सगळ्यांसमोर. मी मंडळ काढलं, नाव मी दिलं, आणि मला म्हणे लांब बसा.

लांब बसले. कार्यक्रम चांगला झाला असं सगळे म्हणतात. जानकीमावशीची ओवी ऐकून बाळाची आजी रडली. मला एकीने विचारलं, "आज तुमची तब्येत बरी न्हवती का? आवाज लागला न्हाई."

१३ फेब्रुवारी

ढोलकी ढिली पडली की तारा नेहमी माझ्याकडे येऊन बसायची, ह्यांच्याकडून दोऱ्या ओढून घ्यायची. आज ढोलकी घेऊन माझ्या दारावरून गेली, बबिताकडे. परत येताना "अगं, घाईत हाय" म्हणाली. कसली घाई?

दुपारभर डोकं दुखत होतं.

१९ फेब्रुवारी

उद्या चकलांब्याला सप्ताहात आमच्या मंडळाची सेवा, दुपारी तीन ते चार. ताराचं माहेर तिथलं, म्हणून बोलावणं आलं. एवढं मोठं बोलावणं मंडळाला कधी आलं नव्हतं. सुरुवात जानकीमावशीच्या ओव्यांनी करायची, असं ठरलं. कुणी ठरवलं ते लिहायला नको. माझी गवळण शेवटी, वेळ उरली तर.

मावशी नवं लुगडं दाखवायला आल्या होत्या. त्यांनी आयुष्यात एकटीने माणसांसमोर गायलेलं नाही.

संध्याकाळी बबिता पेटी घेऊन आली. "ताई, तुमच्याकडं लाईट टिकती, बॅटरी भरायला इथंच ठेवते. तुमच्या ताब्यात असली की मला घोर न्हाई." पेटीवर तिने पांढऱ्या रंगाने मंडळाचं नाव रंगवलंय आणि खाली लहान अक्षरात 'प्रमुख सौ. सत्यशीला'. आता मला गोड बोलून काय उपयोग.

२० फेब्रुवारी, सकाळी अकरा

मी एक काम केलं. लिहून ठेवते.

हे शेतात गेले होते. मी पेटीचे चार स्क्रू काढले, डाव्या स्पीकरला नुसत्या खोचलेल्या दोन्ही तारा खेचल्या आणि लाल जागी काळी, काळ्या जागी लाल बसवली. दोन मिनिटं लागली नसतील. फळी परत लावली.

मोडलं तर काहीच नाही. परत उलट केलं की झालं. फक्त एकदा लोकांसमोर कळू दे की तिची निवड चुकते. एकदाच. मग मी स्वतःच दुरुस्त करीन.

जीप आली.

२१ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती.

चकलांब्यात आधीच्या मंडळाने उशीर केला, त्यामुळे पेटी लावून बघायलाही वेळ मिळाला नाही. मंडपात चार-पाचशे माणूस. तारा ढोलकी घेऊन बसली, मावशी माईकसमोर, नवं लुगडं, हात जोडलेले. बबिताने पेटी चालू केली. ताराने "रामकृष्ण हरी" म्हटलं आणि बबिताचा चेहरा उतरला. तिला पहिल्या शब्दालाच कळलं. आवाज पोकळ, जसा कुणी रांजणात तोंड घालून बोलावं. तिने बटण वाढवलं, तर शिट्टी वाजली. कमी केलं, तर काहीच नाही.

मावशींनी पहिली ओवी म्हटली. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरी ओवी सुरू केली तेव्हा मागे बोलणं सुरू झालं होतं. कुणीतरी म्हणालं, "आज्जे, मोठ्यानं म्हण की." मावशींनी मान वर केली आणि जोर लावला. शिरा ताणलेल्या मी बघितल्या. एक पोरगी खिदळली. मावशी मध्येच थांबल्या. गळ्याला हात लावला, जणू तिथं काही आहे का चाचपत होत्या. मग माईक खाली ठेवला आणि सरकत सरकत मागे गेल्या.

मंडपात गलका झाला. मी उठले. माईक बाजूला केला आणि उघड्या गळ्याने गवळण उचलली. दोन ओळींत सगळा मंडप शांत. शेवटी टाळ्या, नारळ, महाराजांनी स्वतः नाव विचारलं.

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. परतीच्या जीपमध्ये बबिता पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि मावशी खिडकीला डोकं लावून. लुगड्याचा पदर त्यांनी तोंडावर ओढून घेतला होता.

मी मावशींचा विचारच केला नव्हता.

२२ फेब्रुवारी

बबिताने ओसरीवर सगळ्यांसमोर पेटी उघडली. मी गेले, न जाऊन कसं चाललं असतं? तिने छोटी बॅटरी लावली. एक पडदा बाहेर आला, एक आत गेला. ती बराच वेळ तारांकडे बघत राहिली.

तारा म्हणाली, "असं कसं गं? आदल्या दिवशी तर ठणठणीत होती."

बबिता म्हणाली, "माझ्याच हातून झालं. जीपमधी बसायच्या आधी एकदा उघडली होती, तवा घाईत उलटी लागली असंल."

जीपमध्ये बसायच्या आधी पेटी माझ्याच घरी होती, ती कुठून उघडणार? बिचारी घाबरून काहीही बोलली. तिला काही कळलेलं नाही, सुटले. मग तिने तारा नीट केल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आता मी ह्याला सोल्डर मारून टाकते. म्हंजे कुणाला काढायलाच नको."

मी म्हटलं, बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास आहे, पण तसंही काही जात नाही.

जानकीमावशीने टाळ परत पाठवले. शेजारणीकडे निरोप दिला, "माझा गळा गेला, आता मंडळात माझं काम न्हाई." आज सकाळी दूध घेऊन त्यांच्या घरावरून आले. शेळ्या सोडत होत्या. ओवी नाही. नुसती काठी आपटल्याचा आवाज. शेजारीण म्हणाली, चकलांब्याहून आल्यापासून सकाळची ओवी बंद आहे. "लोकाला त्रास कशाला," म्हणतात.

२८ फेब्रुवारी

मावशींकडे गेले. म्हटलं, मावशी, यंत्राची चूक होती, बबिताने सांगितलं ना? त्या म्हणाल्या, "ती पोरगी गुणाची हाय, मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेती. माझं मला कळतंय. तुला न्हाई का बिनयंत्राचं म्हणता आलं? तुझा गळा हाय. माझा न्हवताच कधी."

मी पाणी पिऊन परत आले.

१ मार्च

दुपारी बबिताकडे गेले. सासूला भरवत होती. मी दारातच म्हटलं, "ती तार मी उलटी केली."

तिने सासूचं तोंड पुसलं, वाटी ठेवली आणि बाहेर आली. म्हणाली, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पडदा आत गेला तवाच. पेटी तुमच्या घरी होती."

"मग का सांगितलं नाही?"

ती खालीच बघत होती. "ताई, ह्या घरात दिवसभर खोकल्याशिवाय आवाज न्हाई. त्यांचा फोन आठ दिवसांनी येतो. मंडळ हाय म्हणून मी माणसात हाय. तुमचं नाव घेतलं असतं तर मंडळ मोडलं असतं. मग मी कुठं गेले असते?" मग म्हणाली, "राग लई आला. खोटं न्हाई बोलत. पेटीवरचं तुमचं नाव पुसायला रॉकेल बी काढलं होतं."

"पुसलं?"

"न्हाई. कल्पना तुमचीच होती की."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. ती म्हणाली, "पण मावशीला तुमीच सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना वाटंल, समजूत घालते."

२ मार्च

ताराला मीच बरोबर घेऊन गेले. तिच्या मागे हे करायचं नव्हतं. बबिताही आली.

मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मावशी, तुमचा गळा गेला न्हाई. त्या दिवशी पेटीची तार मी उलटी केली होती. मुद्दाम."

"कशाची तार?"

बबिताने समजावून सांगितलं. मावशींचा शेंग फोडायचा हात थांबला. "म्हंजे माझं कुणाला ऐकू जाऊ न्हाई म्हणून?"

"न्हाई मावशी. बबिताची फजिती व्हावी म्हणून."

"अन् मी?"

"तुमचं माझ्या मनातच आलं न्हाई."

खरं तेच होतं आणि बोलताना कळलं की याच्याइतकं वाईट दुसरं काही मी बोलू शकले नसते. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चकलांब्याचं जाऊ दे. वीस वरीस तू माझ्या शेजारी बसून वरडतीस. तवा कोणती तार उलटी होती?"

तारा उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

घरी येऊन मी विचार करत बसले आहे. मला वाटायचं, शेजारी बसायला मिळतं म्हणून मावशी खूश असतील. मी किती तरी वेळा आठवायचा प्रयत्न केला. वीस वर्षांतली मावशींची एक ओळ. एकही आठवली नाही. आठवते ती फक्त मैदानावर ताराने परत म्हटलेली. ऊस कोण आणि हरभरा कोण, ते आत्ता कळलं.

५ मार्च

मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं. प्रमुखपद सोडलं. दोघी-तिघींनी तोंडं फिरवली. एक म्हणाली, "आमाला वाटलंच होतं," आणि तेच जास्त लागलं. नवी प्रमुख तारा. तारा माझ्याशी कामापुरतं बोलते.

मावशी येणार की नाही ते नक्की नव्हतं. निरोप आला की येते, पण एक अट आहे. "शीलीनं माझ्या शेजारी न्हाई, मागं बसायचं."

१० मार्च

नाथा मेंढपाळाच्या वस्तीवर कार्यक्रम झाला. आठ-दहा घरं, खांब नाहीत, वायर नाही. पेटी शेवटच्या चढावर हातानेच न्यावी लागली. वाघरीच्या जाळीत कोंडलेल्या मेंढ्या बाजूला, आम्ही सतरंजीवर. मी सगळ्यांच्या मागे.

मावशी सुरुवातीला गप्पच होत्या. बबिताने माईक पुढे ठेवला आणि काही न बोलता बाजूला झाली. मग त्यांनी खाकरून ओवी म्हटली. मागून मला त्यांची पाठ दिसत होती, लुगडं तेच. शब्द न् शब्द ऐकू येत होता, शेवटच्या घरापुढे उभ्या असलेल्या म्हातारीनेही मान हलवली. एक झाली, दुसरी झाली. नाथाची आई म्हणाली, "आजून म्हणा आक्का, आजून." तारा ढोलकी अशी हळू वाजवत होती, की ती एवढी हळू वाजवू शकते हे मला माहीत नव्हतं.

मला कुणी म्हण म्हटलं नाही. मनातून जळले, खोटं कशाला लिहू? नाथाची सून बबिताला पेटीबद्दल विचारत होती, बबिता बैलाचा दाखला देत होती, आणि ते बघूनही जळले. हे जळणं एका दिवसात जाईल असं मला वाटत नाही.

पाचव्या ओवीला मावशींचा दम संपला. दुसऱ्या ओळीवर आवाज कापला आणि त्या थांबल्या. वस्ती वाट बघत होती. मावशींनी मागे न बघता हात थोडा वर केला आणि म्हणाल्या, "धर गं."

मला म्हणाल्या का ताराला, क्षणभर कळलं नाही. मग मी ती ओळ धरली. जेवढं हळू जमेल तेवढं हळू.

मावशींनी परत श्वास घेतला, माझ्या आवाजात आवाज मिळवला, आणि मान न वळवता तोच हात खाली दाबून खूण केली: अजून हळू.